स्टार्ड्यू व्हॅली : मेडोलँड्सवर जनावरांच्या जोरावर पहिलं वर्ष (वैरण, गोठा, चीज आणि थोडं प्रेअरी किंग)

कुरणवाला :

पाश्चिमात्य रँचसारखं खेळता येईल असा निवांत शेतीचा खेळ कोणता, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर पुन्हा पुन्हा येतो. एरिक बरोनने एकट्याने बनवलेला, २६ फेब्रुवारी २०१६ ला आलेला स्टार्ड्यू व्हॅली त्यासाठी पुरेसा आहे. अट एकच, पिकं बाजूला ठेवून कुरण मध्यभागी आणायचं. १९ मार्च २०२४ च्या १.६ आवृत्तीत मेडोलँड्स नावाचं शेत आलं. त्यावर सुरुवातीलाच खुराडं आणि दोन कोंबड्या मिळतात. इतर शेतांवर पार्सनिपच्या १५ बिया मिळतात, इथे त्याऐवजी १५ पेंढ्या वैरण. गवतही वेगळं, निळसर, जनावरं आवडीने खातात.

आता मुद्द्याचं. या शेतावर नवीन खेळाडूची गाडी जवळजवळ एकाच ठिकाणी अडकते: जनावरं आधी आणि चारा नंतर. पहिल्याच दिवशी विळा घेऊन सगळं गवत साफ केलं जातं, कारण अंगण मोकळं दिसतं. सायलो (वैरणीचं कोठार) नसताना कापलेल्या गवताची वैरण होत नाही, ते वाया जातं. वर पावसाच्या दिवशी जनावरं बाहेर पडत नाहीत. पहिल्या वर्षी वसंताच्या (खेळातला २८ दिवसांचा ऋतू) ३ तारखेला पाऊस ठरलेलाच आहे, आणि त्या दिवशी त्या १५ पेंढ्यांतूनच खायला घालावं लागतं.

म्हणून पहिलं बांधकाम सायलोचं. १०० जी (खेळातलं चलन), १०० दगड, १० चिकणमाती, ५ तांब्याच्या विटा. बांधकाम करणाऱ्या रॉबिनला दोन दिवस लागतात. एका सायलोत २४० पेंढ्या मावतात. दगडमाती शेतावरच मिळते, अडतं ते तांब्याशी. हिशोब असा:

भट्टीला २० तांबं खनिज आणि २५ दगड. एका विटेला ५ खनिज आणि १ कोळसा, म्हणजे पाच विटांना २५ खनिज, ५ कोळसे. एकूण ४५ खनिज. लोहार क्लिंटकडे विकत घ्यायचं तर पहिल्या वर्षी एक खनिज ७५ जी, म्हणजे तो विचार सोडा. खाण वसंत ५ ला उघडते. तांबं वरच्या ४० मजल्यांत आहे आणि लिफ्ट दर पाच मजल्यांनी थांबते. पाच-पाच मजल्यांचे टप्पे घेतले तर दोन-तीन फेऱ्यांत ४५ होतं. पहिलं खनिज हाती आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिंट स्वतः दारात येऊन भट्टीची कृती देतो. एक वीट ३० मिनिटांत निघते.

सायलो उभा राहीपर्यंत विळ्याला हात लावायचा नाही. वाट करायची असेल तर तेवढीच कापा.

निळं_गवत :

धाग्याबद्दल आभार. दोन प्रश्न. खुराडं आहेच, तर सुरुवातीचे ५०० जी सरळ कोंबड्यांत घालावे का? आणि सायलो झाल्यावर सगळं गवत कापून भरून ठेवायचं का?

कुरणवाला :

@निळं_गवत, कोंबडी ८०० जी ला आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी तो पर्यायच नाही. ५०० जी बियाण्यात घाला. दहा पार्सनिप (२० जी चं बी) आणि सहा बटाटे (५० जी चं बी) घेतले की बरोबर ५०० होतात. पार्सनिप चार दिवसांत, ३५ जी. बटाटा सहा दिवसांत, ८० जी, आणि कधी कधी एका रोपाला एकापेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी कोळी विलीकडून बांबूची गळ मिळते. पहिल्या आठवड्यातला बाकीचा पैसा मासेमारीतून काढायचा.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. सगळं कापू नका. उभं गवत शेजारच्या मोकळ्या जमिनीत पसरतं, कापलेलं पसरत नाही. अर्धं राखा, अर्धं कापा. शिवाय साध्या विळ्याने कापलेल्या प्रत्येक झुबक्यामागे वैरण मिळण्याची शक्यता निम्मीच असते. सोनेरी विळ्याने ती ७५ टक्के होते.

चंदी_कडबा :

गवत टिकवायची एक युक्ती सांगतो, ती शब्दशः करा. दुकानदार पिएरकडे गवताचं बियाणं १०० जी ला मिळतं. खुराड्यासमोर मोकळ्या जागेत ते लावायचं आणि त्याच चौकटीवर लाकडी कुंपणाचा एकच खांब ठोकायचा. खांबाखालचं गवत जनावराला खाता येत नाही, पण ते चारी बाजूंना पसरत राहतं. असे आठ-दहा खांब, एकमेकांत तीन-चार चौकटी सोडून, बुद्धिबळाच्या पटासारखे. जनावरं भोवतीचं सगळं फस्त करतात आणि खांबाखालून पुन्हा फुटवे येतात. हे खांब नसतील तर आठ गाई एका ऋतूत अंगणाचं खळं करून टाकतात. मग बाहेर सोडूनही उपयोग नाही, संध्याकाळी आत येऊन त्या वैरणच खातात.

लाकडी कुंपण साधारण दोन ऋतूंत कुजतं. खांब पडला की त्याच दिवशी बदला, नाहीतर खालचं मूळ गवत गेलं. दगडी खांब साधारण वर्षभर टिकतो आणि दगड तर खाणीतून पोत्याने येतो, तेव्हा जमेल तसे दगडीच घाला.

फरसबंदीवर गवत पसरत नाही. सुंदर दिसावं म्हणून खुराड्यापासून गोठ्यापर्यंत दगडी वाट घालणारे कुरणाचे दोन तुकडे करून बसतात.

माळरान :

+१, खांबांची युक्ती रामबाण आहे. पिएरकडे गवताच्या बियाण्याची कृतीही १,००० जी ला मिळते, मग १० फायबरमध्ये एक बियाणं घरी होतं. दहापेक्षा जास्त लावणार असाल तर कृतीच घ्या.

आता गोठा. ६,००० जी, ३५० लाकूड, १५० दगड, तीन दिवस. गाय १,५०० जी. दुधाची बादली जनावरं विकणाऱ्या मार्नीकडे १,००० जी. म्हणजे पहिलं दूध निघेपर्यंत ८,५०० जी घालावे लागतात. हा पैसा वसंतात उभा करायचा सर्वात खात्रीचा मार्ग स्ट्रॉबेरी आहे. धागा जनावरांचा असला तरी इथे पीकच कामी येतं.

१३ तारखेला एग फेस्टिव्हल. स्ट्रॉबेरीचं बी तिथे १०० जी ला मिळतं. आठ दिवसांत पहिलं पीक, मग दर चार दिवसांनी. १३ च्याच रात्री लावलं तर २१ आणि २५ असे दोन तोडे मिळतात. १४ ला सकाळी लावलं तर २२ आणि २६, तेही दोनच. मग १३ च्या रात्रीचा आग्रह का? कारण २५ तारीख. ते खाली लिहितो.

१३ ला सकाळी जत्रेला जाण्याआधी जमीन कुदळून, झारीने पाणी घालून ठेवायची. जत्रेतून घरी येता येता रात्रीचे १० वाजतात. ओल्या मातीत बिया टाकल्या की तो दिवस मोजला जातो. वीस बिया = २,००० जी. दोन तोडे, १२० जी प्रमाणे ४,८०० जी.

आता २५ तारीख. ती गुरुवार येते. फळं शेतावरच्या विक्रीच्या पेटीत टाकली तर पैसे दुसऱ्या सकाळी, म्हणून पेटीत टाकायची नाहीत. पिएरचं दुकान ९ ते ५ उघडं असतं, तिथे रोखीने विका आणि तसंच उत्तरेला रॉबिनकडे जाऊन गोठा सांगा. २५ ला सांगितलेला गोठा २८ ला सकाळी तयार. २८ रविवार, मार्नीचा गल्ला चालू. त्याच दिवशी वासरू गोठ्यात. एक दिवस उशीर केला, तर गोठा उन्हाळ्याच्या १ तारखेला उभा राहतो, तो सोमवार. मार्नी सोमवारी आणि मंगळवारी गल्ल्यावर नसते. वासरू थेट बुधवारी. एका दिवसाच्या उशिराची किंमत तीन दिवसांचं दूध.

वासरू मोठं व्हायला पाच दिवस, त्यामुळे बादली २८ ला घ्यायची गरज नाही. उन्हाळ्याच्या ३ तारखेला बुधवारी घ्या.

आणि २४ ला फ्लॉवर डान्स आहे, त्या दिवशी रॉबिन काम घेत नाही. २४ च्या भरवशावर राहू नका.

निळं_गवत :

हा २५-२८ चा हिशोब कुठेच वाचला नव्हता. वाचनखूण साठवली. एक शंका: जनावरांच्याच जोरावर खेळायचं, तर शेतीची लेव्हल वाढेल का? चीज प्रेस सहाव्या लेव्हलला आहे ना?

खाणकरी :

इथेच निव्वळ जनावरांची योजना लंगडी पडते, आकडेच सांगतात. जनावराला कुरवाळलं की ५ एक्सपी (अनुभवाचे गुण), दूध काढलं किंवा अंडं उचललं की ५. म्हणजे रोज उत्पन्न देणाऱ्या एका जनावरामागे दिवसाला १०. शेतीच्या दुसऱ्या लेव्हलला (मेयोनीज मशीन) ३८० लागतात, सहाव्या लेव्हलला (चीज प्रेस) ३,३००.

दोन कोंबड्यांवर ३८० व्हायला १९ दिवस. आठ जनावरांवर ३,३०० व्हायला ४२ दिवस, म्हणजे दीड ऋतू. पिकांची तुलना करा. पार्सनिपला ८, बटाट्याला १४, स्ट्रॉबेरीला १८, फ्लॉवरला २३, कलिंगडासारख्या मेलनला २७, भोपळ्याला ३१. वीस स्ट्रॉबेरीचे दोन तोडे म्हणजे ७२० एक्सपी. त्यामुळे एक लहान वाफा, पंचवीस-तीस चौकटींचा, वर्षभर चालू ठेवाच. उन्हाळ्यात ब्लूबेरी लावून मोकळे व्हा, एकदा लावलं की १ तारखेच्या लागवडीला १४, १८, २२, २६ असे चार तोडे.

चीज प्रेस मिळवायचा दुसरा मार्ग कम्युनिटी सेंटरचा अ‍ॅनिमल बंडल आहे. बंडल म्हणजे ठरावीक वस्तू जमवून द्यायचा संच, त्याचं बक्षीसच चीज प्रेस. मोठं दूध, पांढरं मोठं अंडं, तपकिरी मोठं अंडं, मोठं शेळीचं दूध, लोकर, बदकाचं अंडं, या सहापैकी पाच. पण शेळीला मोठा गोठा लागतो आणि बदकाला मोठं खुराडं. तोवर सहावी लेव्हल येऊन गेलेली असते. म्हणून त्या मशीनसाठी बंडलच्या मागे धावू नका. बंडल ग्रीनहाऊससाठी भरायचा आहे, तो आपल्या वेगाने भरू द्या.

कुरणवाला :

@खाणकरी यांच्याशी पूर्ण सहमत. वाफा ठेवाच.

मशीनचं सामान एकदा लिहून ठेवतो. मेयोनीज मशीन: १५ लाकूड, १५ दगड, १ अर्थ क्रिस्टल, १ तांब्याची वीट. अर्थ क्रिस्टल खाणीच्या वरच्याच मजल्यांत सापडतात, तांब्याच्या फेऱ्यांत आपोआप जमतात. पहिले तीन-चार विकू नका, सगळ्यांकडून हीच चूक होते. चीज प्रेस: ४५ लाकूड, ४५ दगड, १० कठीण लाकूड, १ तांब्याची वीट. इथे कठीण लाकूड अडवतं. शेतावरचे मोठे बुंधे फोडायला तांब्याची कुऱ्हाड लागते (५ विटा, २,००० जी, दोन दिवस). सीक्रेट वूड्सच्या तोंडावरचं आडवं ओंडकं फोडायला पोलादी (५ लोखंडी विटा, ५,००० जी). आत सहा बुंधे असतात, रोज नव्याने येतात, प्रत्येकी दोन, म्हणजे रोजचे १२.

भाव असे. अंडं ५० जी, त्याचं मेयोनीज १९०. दूध १२५, चीज २३०. मोठ्या अंड्याचं आणि मोठ्या दुधाचं उत्पादन सोनेरी दर्जाचं निघतं, मेयोनीज २८५, चीज ३४५. शेळीचं दूध २२५ आणि चीज ४००, पण शेळी दिवसाआड दूध देते. सुरुवातीच्या टप्प्यात कोंबडीइतका झटपट पैसा दुसरं कुठलं जनावर परत करत नाही. ८०० जी ची कोंबडी तीन दिवसांत मोठी होते आणि मेयोनीज धरलं तर पुढच्या पाच अंड्यांत वसूल.

माळरान :

मशीन किती हवीत यावर दोन शब्द. मेयोनीजला तीन तास, चीजला तीन तास वीस मिनिटं. कागदावर एक प्रेस दिवसात सहा वेळा चालते. प्रत्यक्षात तुम्ही सकाळी ६ नंतर घर सोडता आणि रात्रीच परत येता, त्यामुळे दोनच फेऱ्या होतात, एक निघताना, एक आल्यावर. म्हणून दोन जनावरांमागे एक मशीन. आठ गाईंना चार प्रेस.

मशीन घराजवळच्या शेडमध्ये नको, गोठ्यातच ठेवा, दाराच्या आतल्या भिंतीला. दूध काढत काढत भरता येतं. फक्त गव्हाणीपुढची रांग मोकळी राहू द्या, नाहीतर वैरण ठेवायला जागा अडते. साध्या आणि मोठ्या गोठ्यात हॉपरमधून वैरण काढून गव्हाणीत हाताने ठेवावी लागते. डीलक्समध्ये ती आपोआप पडते.

पहाटेचं_दूध :

मोठं दूध आणि मोठी अंडी लवकर हवीत, तर कुरवाळणं चुकवू नका. मैत्रीचे गुण १,००० पर्यंत जातात, दर २०० ला एक हृदय. कुरवाळलं की १५, दूध काढलं की आणखी ५. मोठ्या उत्पादनाची शक्यता २०० नंतर सुरू होते, म्हणजे नुसत्या कुरवाळण्यावर दोन आठवडे. ज्या दिवशी खायला मिळालं नाही त्या दिवशी २० गुण जातात आणि दुसऱ्या दिवशी दूध नाही. जनावर उपाशी मरत नाही, एवढा दिलासा.

रात्री दार लावण्याबद्दल: जनावरं आत आल्यावरच लावा. दार लावलं आणि एखादं बाहेर राहिलं, तर रात्री वन्य प्राणी ते उचलून नेऊ शकतो. संध्याकाळी सगळी परत येतात, तेव्हा घाईने दुपारीच लावू नका. कुंपणात अडकलेलं जनावर हे नेहमीचं कारण आहे. गोठ्याच्या दारासमोर किमान दोन चौकटी मोकळ्या ठेवा.

निळं_गवत :

हिवाळ्याची वैरण किती ठेवायची? आणि शेतीच्या पाचव्या लेव्हलला जो पेशा निवडायचा असतो, त्यात रँचर घ्यायचं ना? नावच रँचर आहे.

चंदी_कडबा :

वैरणीचं गणित सोपं आहे आणि ते शरद ऋतूच्या १ तारखेलाच करायचं, २८ ला नाही. हिवाळा २८ दिवसांचा, सगळी जनावरं सगळे दिवस आत, जनावरामागे रोज एक पेंढी. आठ जनावरं = २२४, एका सायलोत बसतात. बारा = ३३६, दुसरा सायलो हवाच. सोळा = ४४८, दोन सायलो (४८०) काठोकाठ. त्याच्या पुढे तिसरा.

मार्नीकडे वैरण ५० जी ला आहे. बारा जनावरांचा हिवाळा विकतच्या वैरणीवर काढला तर १६,८०० जी. सायलोला १०० जी. यापेक्षा स्पष्ट काही नाही.

शरद २८ ला शेतावरचं सगळं गवत कापून टाका. दुसऱ्या सकाळी बर्फ पडला की उभं गवत तसंही जातं. त्याआधी दुसरा सायलो तयार असला पाहिजे, कारण सायलो भरल्यावर कापलेलं वाया. रॉबिनचे दोन दिवस धरून २४-२५ तारखेपर्यंत सांगा, मंगळवारी ती दुकानात नसते.

वाफ्यात गहू टाकला तर आणखी आधार मिळतो. बी १० जी, चार दिवसांचं पीक, उन्हाळा आणि शरद दोन्हींत. गहू कापताना ४० टक्के वेळा एक पेंढीही मिळते. शरदात शंभर चौकटी गव्हाच्या दोन फेऱ्या म्हणजे सरासरी ८० पेंढ्या. फॉडर बंडललाही १० गहू आणि १० वैरण लागते (सोबत ३ सफरचंदं), आणि त्याचं बक्षीस हीटर. एरवी तो मार्नीकडे २,००० जी. हिवाळ्यात प्रत्येक गोठ्यात एक हीटर असावा, जनावरांचा मूड टिकतो आणि उत्पादनाचा दर्जा घसरत नाही.

खाणकरी :

रँचरबद्दल. नावाला भुलू नका, पण लगेच नाकारूही नका. पाचव्या लेव्हलला रँचरने जनावरांच्या उत्पादनाला २० टक्के जास्त भाव मिळतो, आणि तो चीज, मेयोनीज, कापड यांनाही लागू होतो. दुसरा पर्याय टिलर, त्याने फक्त पिकांना १० टक्के. म्हणजे पाच ते नऊ या लेव्हलपर्यंत रँचर उघड उघड पुढे. २३० चं चीज २७६ ला.

पण दहाव्या लेव्हलला टिलरच्या वाटेवर आर्टिझन आहे, ४० टक्के. तेच चीज ३२२. रँचरच्या वाटेवर कूपमास्टर आणि शेफर्ड आहेत, दोन्ही भाव वाढवत नाहीत. आणि आर्टिझन फक्त टिलरमधूनच मिळतो, म्हणजे २० आणि ४० एकत्र मिळत नाहीत.

माझं मत: ज्यांना एकदाच निवडायचं आहे त्यांनी टिलर. ज्यांना हिशोब आवडतो त्यांनी पाचव्याला रँचर घ्यावं, दहाव्या लेव्हलनंतर गटारातल्या अनिश्चिततेच्या पुतळ्याकडे १०,००० जी भरावे आणि त्या रात्री झोपताना टिलर-आर्टिझन निवडावं. गटाराची गंजलेली किल्ली संग्रहालयात ६० वस्तू दिल्यावर मिळते, तोवर खाणीतली खनिजं आणि जुन्या वस्तू गंथरला देत राहा.

कुरणवाला :

छान मांडलंत. आर्टिझनच्या बाजूने आणखी एक आकडा डुकरांचा. डुक्कर १६,००० जी, डीलक्स गोठा लागतो, मोठं व्हायला दहा दिवस. ट्रफल ६२५, त्याचं तेल १,०६५, आर्टिझनला १,४९१. मात्र फोरेजिंगचा (रानातल्या वस्तू गोळा करण्याच्या कौशल्याचा) बोटॅनिस्ट पेशा घेतला असेल तर ट्रफल इरिडियम दर्जाचा निघतो, १,२५०. मग आर्टिझन नसताना तेल काढणं म्हणजे तोटा, कच्चाच विका. आर्टिझन असेल तर तेल.

डुकरं हिवाळ्यात आणि पावसात काही शोधत नाहीत. त्यामुळे शरदाच्या शेवटी घेतलेलं डुक्कर महिनाभर नुसतं वैरण खातं. हिवाळ्याच्या १५-१७ च्या सुमारास घ्या, वसंत १ ला मोठं झालेलं असतं. त्यांना अंगण मोकळं हवं, ट्रफल मोकळ्या चौकटीतच वर येतो.

पहाटेचं_दूध :

घोड्याचं कोणीच लिहिलं नाही! स्टेबल: १०,००० जी, १०० कठीण लाकूड, ५ लोखंडी विटा. सीक्रेट वूड्समधून रोजच्या १२ ने नऊ दिवस. पहिल्या वर्षाच्या शरदापर्यंत घोडा असावाच, कारण वेळ इथे पैशाइतकाच मोलाचा आहे. खेळातली दहा मिनिटं म्हणजे खरे सुमारे सात सेकंद, आणि खाणीपर्यंतची पायपीट सकाळचा मोठा तुकडा खाते. १.६ पासून घोड्याला गाजर खायला दिलं की त्या दिवसापुरता तो आणखी वेगाने पळतो. टोपीही घालता येते. काउबॉयच्या टोप्या सिंडरसॅप जंगलातल्या पडक्या घरातल्या उंदराकडे मिळतात, पण अचिव्हमेंट मिळवल्यानंतरच त्याचा माल वाढत जातो.

माळरान :

अचिव्हमेंटवरून आठवलं. कमाईच्या टप्प्यांची नावं थेट अमेरिकन पश्चिमेतली आहेत. १५,००० ला ग्रीनहॉर्न, ५०,००० ला काउपोक, २,५०,००० ला होमस्टेडर. होमस्टेडर म्हणजे १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर सरकारी जमीन घेऊन, पाच वर्षं कसून ती नावावर करणारा शेतकरी. खेळात वारशाने आलेल्या दगडगोट्यांच्या शेतावर हे नाव शोभून दिसतं. याच धाग्यातल्या योजनेने पहिल्या वर्षाअखेर काउपोक सहज ओलांडला जातो.

शरद १६ च्या जत्रेतही रँचवाल्याला फायदा आहे. मांडणीत नऊ वस्तू ठेवायच्या, ९० गुणांना पहिलं बक्षीस, १,००० स्टार टोकन. प्रकारांचे गुण वेगळे मिळतात, प्रत्येकी पाच, जास्तीत जास्त तीस, म्हणून सहा वेगळे प्रकार ठेवा. मोठं सोनेरी दूध (जनावरांचं उत्पादन), सोनेरी चीज (आर्टिझन), एक भोपळा, एक फळ, एक मासा, एक खनिज. उरलेल्या तीन जागांवर जे सर्वात महाग आणि चांगल्या दर्जाचं असेल ते. २,००० टोकनांना स्टारड्रॉप मिळतो, तो कमाल ऊर्जा कायमची वाढवतो, आधी तोच घ्या.

निळं_गवत :

आता शेवटचा प्रश्न. शीर्षकात प्रेअरी किंग आहे. सलूनमधला तो खेळ पहिल्याच भागात संपतो, काउबॉय बॉसपर्यंतही जाता येत नाही.

खाणकरी :

जर्नी ऑफ द प्रेअरी किंग. स्टारड्रॉप सलून दुपारी १२ ला उघडतं. एकट्याने खेळत असाल तर या खेळात असताना घड्याळ थांबतं, त्यामुळे घाई नको.

कीबोर्डवर डावा हात चालण्याला, उजवा हात बाणांवर गोळीबाराला. दोन बाण एकत्र दाबले की तिरकी गोळी जाते, हे बरेच जण वापरत नाहीत आणि कोपऱ्यात सापडतात. मैदानाच्या मधोमध थांबू नका, चारही दारांतून शत्रू येतात. एका बाजूच्या दारापासून थोडं दूर राहून गोल गोल फिरत राहा.

नाणी कशावर घालायची हा खरा प्रश्न. मधे मधे विक्रेता येतो. बूट ८ नाणी, पुढचे २०. बंदूक १०, २०, ३०, तिने गोळ्या लवकर सुटतात. दारूगोळा १५, ३०, ४५, त्याने गोळीची ताकद वाढते. पहिले बूट, नेहमी. वेग नसेल तर बाकी सगळं निरुपयोगी. मग दारूगोळ्याचे १५, कारण पुढच्या जंगलात शत्रू एका गोळीत मरत नाहीत. बंदूक त्यानंतर. १० नाण्यांचा जादा जीव सुरुवातीला घेऊ नका, तेच पैसे बुटांना कमी पडतात.

उचललेली एक वस्तू खिशात राहते. दुसरी उचलली की ती तिथल्या तिथे वापरली जाते. म्हणून कॉफी किंवा मशीनगन खिशात असताना समोर बॉम्ब पडला असेल, तर गर्दी होईपर्यंत त्याच्यावरून जाऊ नका.

काउबॉय बॉस आडोशामागे असतो. तुम्ही त्याच्या रेषेत आलात की तो बाहेर येऊन गोळ्या झाडतो. रेषेत क्षणभर जा, दोन-तीन गोळ्या मारा, लगेच आडोशामागे परत. मधोमध उभं राहून समोरासमोर गोळीबार केला तर हरणारच.

पहाटेचं_दूध :

न मरता संपवायचं फेक्टर्स चॅलेंज हवं असेल तर याची भर घाला: टप्पा पार झाला की एस्केपने बाहेर पडा, घरी जाऊन झोपा. प्रगती टिकते आणि दिवस सेव्ह होतो. पुढच्या टप्प्यात मेलात तर झोपू नका, मुख्य पडद्यावर जाऊन तोच दिवस पुन्हा उघडा. एका दिवसात एक टप्पा, हिवाळ्यात पिकं नसतात तेव्हा हे बरोबर बसतं. सकाळी गोठा, कुरवाळणं, प्रेस भरणं, दुपारी सलून.

अ‍ॅबिगेलशी दोन हृदयांची मैत्री झाली की ती घरात असताना तिच्या खोलीत जा, तिथे तिच्यासोबत याचाच एक टप्पा खेळायला मिळतो. सरावासाठी चांगला.

चंदी_कडबा :

@निळं_गवत, सुरू केलंत की इथे शरद १ चा आकडा टाका: किती जनावरं, किती पेंढ्या, सायलो किती. तिथूनच सांगता येईल हिवाळा निघतो की नाही ते.

निळं_गवत :

टाकतो. सध्या वसंत १२, सायलोचं बांधकाम चालू आहे, भट्टीत पहिल्या मेयोनीज मशीनसाठी सहावी वीट आहे. स्ट्रॉबेरीसाठी १,८०० जी जमलेत, म्हणजे अठरा बिया. उद्या जत्रेला निघण्याआधी अठरा चौकटी कुदळून पाणी घालून ठेवतो.

माळरान :

पिएर आज उघडा आहे, हातात असतील ते पार्सनिप विकून वीस करा. आणि २५ ला फळं पेटीत टाकू नका.